आईच्या औषधांची पिशवी पलंगावर उलटी केली तेव्हा

अबोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसतेच.

गेल्या वर्षी आईला पाच दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. पायांतला जोरच गेला होता. बाथरूममधून येताना भिंतीला धरून खाली बसली, ती तिला उठताच येईना. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.६. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. हृदयाचे ठोकेही चुकत होते, म्हणून मॉनिटर लावला.

पोटॅशियम सलाईनमधून द्यायला लगेच सुरुवात झाली, पण ते इतकं उतरलं कशाने हे दोन दिवस कुणालाच कळत नव्हतं. तिसऱ्या रात्री पाळीवर एक तरुण डॉक्टर होती. ती आईच्या पलंगावर कडेला टेकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी, चिठ्ठीवर नसलेलं काय काय घेता हो तुम्ही?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खोकल्यासाठी जेष्ठमध घेते. ते काही औषध नव्हे."

किती? दिवसातून तीनदा काढा, शिवाय कांडी तोंडात जवळजवळ सतत. कधीपासून? चार महिने.

मग सगळी साखळी उलगडली. मला ती पाठ झाली आहे, तरी एकेक कडी लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी यातली एखादी आत्ता या क्षणी तयार होत असेल. आईला रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू झालं. या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं. आईला तो लागला. तिला वाटलं हवा बदलली. तिने जेष्ठमध सुरू केलं. जेष्ठमधात ग्लिसरायझिन असतं. ते जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडून देतं. रक्तदाब चढला. डॉक्टरांना वाटलं गोळी पुरत नाही, त्यांनी जोडीला लघवीची गोळी दिली. तिनेही पोटॅशियम आणखी उतरतं. म्हणजे एका गोळीचा त्रास झाकायला दुसरं औषध, दुसऱ्याचा झाकायला तिसरं, आणि प्रत्येकाच्या वेळी प्रत्येकाचा हेतू चांगलाच.

यात डॉक्टरांची चूक किती आणि आमची किती, याचा हिशोब मी पुष्कळ मांडला. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. मला जास्त लागलं ते हे, की आईने मुद्दाम लपवलं होतं. "उगाच ओरडतील" म्हणून.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी तिची औषधांची पिशवी पलंगावर उलटी केली. कपाटातला डबा, देवघराच्या खणातल्या पुड्या, पर्समधल्या सुट्या गोळ्या, सगळं. एकोणीस प्रकार निघाले. त्यात पित्ताची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी होती, दोन डॉक्टरांनी दिलेली, आणि ती दोन्ही रोज घेत होती. पॅरासिटामॉल तीन ठिकाणी होतं : तापाच्या गोळीत, सर्दीच्या गोळीत आणि सांधेदुखीच्या गोळीत. धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर ते जाऊ नये, आणि वरचं नाव वेगळं असलं की आत तेच आहे हे कुणाच्या लक्षात येणार? एका बाटलीवर नावच नव्हतं. पाचेक गोष्टींचं "ही कशासाठी गं?" याचं उत्तर आईलाही देता आलं नाही.

त्या दिवशी एक कागद केला. नाव (आतल्या औषधाचं, वेष्टनावरचं मोठ्या अक्षरातलं नव्हे), कशासाठी, कुणी दिलं, कधीपासून. त्याच कागदावर, त्याच यादीत, काढे, चूर्णं, होमिओपॅथीच्या गोळ्या, जीवनसत्त्वं, चोळायचं तेल. वेगळा रकाना केला नाही, मुद्दामच. वेगळा केला असता तर तो पुन्हा "ते काही औषध नव्हे" झाला असता.

त्यानंतर घरातल्या प्रत्येकाचा असा कागद आहे. मी पर्यायी उपचारांच्या विरोधात नाही, आमच्याकडे ते आजही चालू आहेत. पण घरच्यांच्या तब्येतीची सूत्रं आपल्या हातात घ्यायची तर आधी आपल्याच माणसांपासून आणि डॉक्टरांपासून काही लपवणं थांबायला हवं, असं माझं आता ठाम मत झालंय.

तुमच्याकडे कसं करता? मोकळेपणाने लिहा.

---

वाटसरू

ताई, वाचता वाचता उठून बाबांचा डबा बघून आलो. पित्ताच्या गोळ्या दोन नाहीत, पण झोपेची गोळी निघाली, जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

एक अडचण आहे. डॉक्टरांना काही विचारलं की बाबाच मला दटावतात, "त्यांना शिकवू नकोस." आणि डॉक्टरही घाईत असतात. विचारायचं कसं, म्हणजे उद्धटपणा वाटणार नाही असं?

---

निवृत्त_सिस्टर

वाटसरू, मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून थोडं सांगते बाळा.

प्रश्न कागदावर लिहून न्यायचे आणि आत गेल्या गेल्या सांगायचं, "डॉक्टर, माझे तीन प्रश्न आहेत." शेवटी उठताना, दाराच्या मुठीवर हात ठेवून विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही. आधी सांगितलं की डॉक्टर त्याला वेळ राखून ठेवतात. कुठलाही नवा उपचार, तपासणी, ऑपरेशन सुचवलं तर एवढंच विचारा : याने फायदा काय, धोका काय, याऐवजी दुसरं काय करता येईल, आणि आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. "महिनाभर थांबून बघू शकतो" असं डॉक्टर स्वतःच म्हणतात.

मग निघण्याआधी आपल्या शब्दांत परत सांगायचं. "म्हणजे ही सकाळी उपाशीपोटी आणि ही रात्री, बरोबर ना?" याने कुणालाही राग येत नाही. मी किती चुका या एका वाक्याने पकडलेल्या पाहिल्यात.

झोपेच्या गोळीचं मात्र अंगावर काढू नका आणि एकदम बंदही करू नका. वयस्कर माणसं या गोळ्यांनी पडतात, गोंधळतात. पण बरेच दिवस घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तरी त्रास होतो. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करायची.

आणि पेशंट ऍडमिट असेल तर जवळच्या माणसाचं काम फार मोठं असतं. "आजारी वाटतोय" म्हणून कुणी धावत येत नाही. "काल हा स्वतः उठून बसत होता, आज सकाळपासून माझं नाव विचारलं तर दुसरंच सांगतोय, श्वास मिनिटाला तिसाच्या वर आहे" म्हणा, बघा कसे येतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रायन सॉन्डर्स नावाचं तीन वर्षांचंही न झालेलं मूल २००७ साली गेलं. आईवडील सांगत होते की हा बिघडतोय. पुढे त्याच्या नावाने तिथे नियम झाला, नातेवाइकांना काळजी वाटली तर पेशंटची स्वतंत्र पाहणी मागता येते. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ साली सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडून गेली, तिच्याही नावाने तसाच नियम २०२४ पासून लागू होत गेला. घरच्यांचं म्हणणं हीसुद्धा एक तपासणीच आहे, हे कळायला दोन मुलं जावी लागली.

---

वनौषधी

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि रोज रुग्ण बघतो, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

अबोलीताई, तुमच्या आईंना झालं ते वाईट झालं. पण यात जेष्ठमध बदनाम होऊ नये. रक्तदाबाच्या रुग्णाला चार महिने, या प्रमाणात, जाणता वैद्य ते देणारच नाही. ते तुमच्या आईंनी स्वतःच्या मनाने घेतलं. वैद्याकडे जातानाही तुमचा तोच कागद घेऊन जा, आणि तो बघायलाही न मागणारा वैद्य असेल तर दुसरा शोधा, असं मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल म्हणतोय.

लपवण्यासारखं आमच्याकडेही काही नाही, तर हेही लिहितो. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात दुकानांतून विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ औषधांची तपासणी आली, तिथेही पाचातलं साधारण एक. भस्मं आणि रसकल्प, म्हणजे धातू आणि पाऱ्यासारख्या खनिजांपासून केलेली औषधं, हा आमच्या शास्त्राचा भाग आहे हे खरं, पण कुणीतरी सांगितलं म्हणून पुडी आणून खाण्याची ती गोष्ट नव्हे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना तर नाहीच. पाकिटावर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. "गुप्त फॉर्म्युला" म्हणणाऱ्याकडून उठून या.

---

कुशाग्र

सगळ्यांचा आदर ठेवून म्हणतो, हा मधला मार्ग मला पटत नाही. जे सिद्ध झालं ते औषध, बाकी सगळा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय. होमिओपॅथीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की एकाही आजारात तिचा उपयोग होतो असा विश्वासार्ह पुरावा नाही. मग "पर्याय" म्हणून तिला यादीत जागा द्यायचीच कशाला?

---

अबोली

कुशाग्र, यादीत जागा म्हणजे मान्यता नव्हे. जे पोटात जातं ते कागदावर यायलाच हवं, एवढंच.

पण "पर्याय" या शब्दावर थोडं भांडते तुमच्याशी. माझ्यासाठी पर्याय म्हणजे फक्त वेगळी पॅथी नाही. कमरेच्या दुखण्याला अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत गोळीच्या आधी शेक, मालिश, ऍक्युपंक्चर आणि जुनाट दुखण्याला व्यायाम, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) हे सांगितलंय. त्याच संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून गोळी न सांगता झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची एक खास उपचारपद्धती सांगितली. वाटसरू, हे तुमच्या बाबांसाठीही विचारून बघा. हे सगळं सिद्ध झालेलंच आहे, पण पाच मिनिटांच्या भेटीत ते कुणी सांगत बसत नाही, गोळी लिहिणं सोपं असतं. म्हणून आपल्याला विचारावं लागतं.

उलटंही आहे. ऑपरेशन म्हटलं की ते सिद्धच असणार असं आपण धरून चालतो. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून आत साफसफाई करण्याचं ऑपरेशन सर्रास व्हायचं. २००२ साली १८० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काहींना खरं ऑपरेशन केलं आणि काहींना नुसत्या चिरा देऊन टाके घातले. दोन वर्षं बघितलं, दुखण्यात फरक नाही. माझ्या मावशीला हेच ऑपरेशन सुचवलं होतं. तिने दुसरं मत घेतलं, सहा महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून नेमाने केले. गुडघा नवा झाला नाही, पण जिना चढते.

आणि जुन्या ग्रंथात काही नसतंच असंही नाही. चीनमध्ये थू योयो यांना मलेरियावरचं औषध शोधताना चौथ्या शतकातल्या एका पोथीत वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यायची कृती सापडली. त्यावरून त्यांना सुचलं की उकळल्याने गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. आर्टेमिसिनिन ते हेच. २०१५ चं नोबेल मिळालं. पोथीवर त्या थांबल्या नाहीत, आणि पोथी फेकूनही दिली नाही.

---

दूर्वा

अबोलीताई, यादीत जीवनसत्त्वं लिहायची हे वाचून माझा किस्सा लिहितेच.

केस गळतात म्हणून मी रोज १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी घेत होते. शरीराला रोज लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. वर्षाची थायरॉईडची तपासणी केली तर टीएसएच एकदम खाली, टी४ वर. म्हणजे कागदावर थायरॉईड जोरात. मला काहीही त्रास नव्हता. ना धडधड, ना वजन उतरलेलं. तरी औषध सुरू करायचं ठरत होतं.

मी रिपोर्ट घेऊन घरी आले आणि रात्रभर घोळत राहिले, की हे माझ्या अंगाशी जुळत का नाही? दुसऱ्या दिवशी फोन करून डॉक्टरांना सांगितलं की मी हे हे घेते. त्या म्हणाल्या, गोळी बंद करा, आठवड्याने पुन्हा रक्त द्या. सगळं नॉर्मल आलं! काही प्रयोगशाळांच्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याची सूचना काढलीय, आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा यामुळे खोटी कमी दाखवू शकते. केसांच्या गोळीपायी!

---

शांतवन

फार दिवस वाचतो फक्त. आज लिहितो.

माझ्या धाकट्या बहिणीला छातीत गाठ लागली. वेळेवर कळली होती. तिला ऑपरेशनची भीती होती. एका गृहस्थांनी सांगितलं, सुरी लावू नका, आठ महिन्यांत विरघळवतो. आम्हीही विरोध केला नाही, कारण तिला तिकडे बरं वाटायचं. आठ महिन्यांनी परत मोठ्या रुग्णालयात गेलो तेव्हा कर्करोग यकृतात पोचला होता.

पुढे मी वाचत गेलो. २०१८ साली अमेरिकेतल्या २८१ कर्करुग्णांचा अभ्यास आला होता. बरा होण्यासारखा कर्करोग असून ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त.

पण मला आकड्यापेक्षा दुसरंच आठवतं. पहिल्या डॉक्टरांनी तिला चार मिनिटं दिली होती. ते मॉनिटरकडे बघून बोलत होते. त्या गृहस्थांनी तिला दीड तास बसवून घेतलं, तिला झोप येते का, मुलांची काळजी वाटते का, सगळं विचारलं. ती ऐकून घेणाऱ्या माणसाकडे गेली. त्या चार मिनिटांत मी तिच्या शेजारी बसलो होतो, आणि मी जर म्हटलं असतं, "डॉक्टर, हिला ऑपरेशनची भीती वाटते, जरा समजावून सांगा", तर त्यांनी सांगितलं असतं असं मला अजून वाटतं.

---

निवृत्त_सिस्टर

शांतवन दादा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. तुम्हाला तेव्हा सुचलं नाही, ते कुणालाच सुचत नाही. आजाराचं नाव ऐकल्यावर पुढचं ऐकूच येत नाही माणसाला. म्हणून मी पेशंटना सांगायचे, अशा भेटीला एकटं जाऊ नका, आणि बरोबरच्या माणसाने फक्त लिहायचं. नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा वेळ मागायची.

---

वाटसरू

शांतवन, काय लिहू कळत नाही. तुमचं वाचून बाबांबरोबर पुढच्या वेळी मी आत जाणार हे पक्कं केलं.

ताई, एक साधा प्रश्न. घरी रक्तदाब मोजतो त्याचे आकडे रोज वेगळे येतात. डॉक्टरांना कुठला दाखवू?

---

अबोली

सगळे दाखवा. पण मोजायची पद्धत आधी बघून घ्या, आमच्याकडे त्यातच घोळ होता. आई स्वयंपाकघरातून यायची, सोफ्यावर अर्धवट टेकायची, बाही वर सारायची, बोलत बोलत मोजायची. आता अर्धा तास आधी चहाकॉफी, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हाताखाली उशी घेऊन दंड छातीच्या उंचीला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा उगाच वर येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ती जास्त समजतात. दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा ही रेषा थोडी खाली असते. कारण डॉक्टरांसमोर बऱ्याच जणांचा रक्तदाब नुसत्या धास्तीने चढतो.

मात्र छातीत दुखणं, एकाएकी तोंड वाकडं होणं, एका हातातला जोर जाणं, बोलणं जड होणं यात मोजत बसायचं नाही, काढा नाही, फोनवर सल्ला नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आमच्या कागदाच्या मागे हे लाल शाईने लिहिलंय.

---

वनौषधी

शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. माझ्या दवाखान्यातही असा रुग्ण आला तर मी नाडी बघत नाही, रुग्णवाहिका बोलावतो.

---

कुशाग्र

यादीत सगळंच यायला हवं, हे मान्य. काल आमच्या घरची पिशवी उलटी केली. आजोबांकडे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बारा वर्षांपासून आहे, तळपायाला मुंग्या येतात ही तक्रार दोन वर्षांपासून. आम्ही साखरेमुळे असेल म्हणून सोडून देत होतो. मेटफॉर्मिनने बी१२ जीवनसत्त्व कमी होऊन अशा मुंग्या येऊ शकतात हे वाचलं होतं, पण घरातल्या माणसाला लावून पाहिलं नव्हतं. आज डॉक्टरांना विचारलं, त्यांनी लगेच तपासणी लिहून दिली.

---

अबोली

कुशाग्र, रिपोर्ट आला की नक्की कळवा. उशिरा लक्षात आलं तर मुंग्या पूर्ण जात नाहीत, म्हणून लवकर करताय ते उत्तम.

आमच्याकडची ताजी खबर. रॅमिप्रिल बदलून डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची गोळी दिल्यावर तीन आठवड्यांत खोकला गेला. लघवीची गोळी बंद झाली. काल तपासणीला गेलो तेव्हा मी काही बोलायच्या आधी आईनेच पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि पित्ताच्या गोळीवर बोट ठेवून विचारलं, "ही मी किती दिवस घ्यायची? थांबवली तर काय होईल?" डॉक्टरांनी चष्मा काढून कागद वाचला. म्हणाले, एकदम थांबवली तर जळजळ उसळून येईल, आधी एक दिवसाआड घेऊन बघू.

घरी येऊन तिने स्वतःच्या हाताने त्या ओळीपुढे "एक दिवसाआड" आणि तारीख लिहिली. मग मला न विचारता खाली आणखी एक ओळ जोडली : "गुडघ्याचं तेल, शेजारच्या काकूंनी दिलं, मंगळवारपासून."